भूकंपस्थाननिश्चिती

भूकंप कोठे, किती खोलीवर आणि नेमका केव्हा झाला, हे निरनिराळ्या नोंदकेंद्रांवर तरंग पोहोचल्याच्या वेळांवरून काढण्याची गणिती रीत. अज्ञाते चार : अक्षांश, रेखांश, खोली व उगमवेळ. पी-तरंग आधी येतो, एस-तरंग मागून. दोहोंमधील सेकंदांना साधारण 8 ने गुणले की किलोमीटरमधील अंतर मिळते. उदाहरणार्थ, पोलादपूर तालुक्यातील उमरठ कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे 60 किमी. आहे, म्हणजे तिकडच्या धक्क्याचे हे दोन तरंग तेथे सात-आठ सेकंदांच्या फरकाने यावेत. एका केंद्रावरून असे नुसते वर्तुळ मिळते. तीन केंद्रांची वर्तुळे एका बिंदूत मिळायला हवीत, पण सहसा मिळत नाहीत. म्हणून गायगर यांनी 1910 मध्ये सुचविले की एक स्थान गृहीत धरावे आणि गणिताने आलेली व प्रत्यक्ष वेळ यांतील तफावतींच्या वर्गांची बेरीज किमान होईपर्यंत ते सरकवत न्यावे. आजच्या बहुतेक संगणकीय पद्धती याच पायावर उभ्या आहेत.

या चारांत सर्वांत कच्चा आकडा खोलीचा, आणि कोयना धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतात का, या चर्चेत नेमके त्यालाच मोल आहे. जलाशय 1962 मध्ये भरू लागला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 परिमाणाचा भूकंप झाला. पाण्याचा दाब कोठवर पोहोचला हे ठरवायचे तर खोली हवी. मात्र केंद्रे दूर असली की उगम थोडा खाली ढकलून उगमवेळ त्यानुसार थोडी बदलली, तरी पोहोचवेळा जवळपास त्याच राहतात. त्यात तरंगवेगाचे प्रारूपही गृहीतच असते : कोयना परिसरातच बेसाल्टची जाडी रासाटीला सुमारे 930 मीटर, तर गोठण्याला सुमारे 1,250 मीटर भरली. यावर कोणी म्हणेल, 2000 साली वाल्डहाउझर व एल्सवर्थ यांनी मांडलेल्या द्विफरक पद्धतीने ही अडचण सुटली. शेजारच्या धक्क्यांची परस्परांतील स्थाने तिने फार नेटकी होतात, हे खरेच. पण वेगाचे गृहीतक चुकले असेल, तर सगळा पुंजका एकदम सरकतो आणि आतली रचना तेवढीच सुबक दिसत राहते. खरा उपाय उगमाच्या डोक्यावर, खोलीइतक्याच अंतरात केंद्र असणे. विंधनविवरांत बसविलेल्या भूकंपमापकांचे महत्त्व त्यामुळेच आहे.

दरडी कोसळून उठणाऱ्या कंपनांना मात्र, त्यांच्या तरंगाची सुरुवात ठळक नसल्याने, ही रीत थेट लागू पडत नाही.

कोयनेच्या धक्क्यांच्या यादीत त्रुटीमर्यादा दिल्याशिवाय खोलीचा आकडा छापू नये.