गोदी उडाली त्या दिवशी

आजोबांची डावी चप्पल अजूनही मशीद बंदरच्या पुलाखाली कुठेतरी असणार. निदान एका आवृत्तीत तरी. दुसऱ्या आवृत्तीत ती भेंडीबाजारात हरवली. ऐकणारा नवा असला की आजोबा अंमळ जास्त धावायचे.

ते मांडवीला एका धान्याच्या पेढीवर कारकून. सारा दिवस तांदळाची पोती आणि खतावण्या. तिथून हाकेच्या अंतरावर व्हिक्टोरिया डॉकमध्ये १२ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज लागलं. दोन वर्षांपूर्वी कॅनडात बांधलेलं, इंग्लंडहून निघून कराचीमार्गे आलेलं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. शिवाय लाकूड, तेलाची पिंपं, मासळीचं खत आणि सोन्याच्या विटा! “चुलीशेजारी घासलेटचा डबा ठेवू नये हे आमच्या हिला कळतं, साहेबाला नाही कळलं,” असं आजोबा म्हणायचे आणि आजीकडे बघायचे. आयुष्यात तिची एवढी एकच तारीफ केली असेल त्यांनी.

धोक्याचा माल असला की जहाजावर लाल बावटा लावायची रीत. यावर तो नव्हता. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला कापसातून धूर दिसला. बंबवाले पाणी ओतत राहिले, कापूस आतल्या आत धुमसत राहिला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. पहिल्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकानं टिपला. शेकडो माणसं गेली. त्यांत आग विझवणारे सहासष्ट जवान. त्यांच्या आठवणीसाठी आजही १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात.

“जपानी आले रे!” म्हणून चाळ रिकामी झाली. युद्धाचे दिवस, बातम्यांवर सेन्सॉर; खरी हकीकत छापून यायला मे उजाडला. तोवर शहर अफवांवरच जगलं. पैकी एक मात्र अस्सल निघाली: गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट पडली, आणि भल्या माणसानं ती परत केली. आजी यावर फणकारायची, “त्याच्याकडे सोनं, नि माझ्या पातेल्यात काचा!” पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून, गूळ घालून ठेवलेला, आणि तावदान फुटून सगळं त्यात. टाकून द्यावं लागलं. गूळ गेल्याची हळहळ तिला शेवटपर्यंत होती.

मला वाटतं, तिचंच बरोबर. गोदीच्या गाळात पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या आणि दर वेळी त्याची बातमी झाली. पण बंदरावरच्या वखारींत हजारो टन धान्य जळालं, त्याची गोष्ट कुणी रंगवून सांगत नाही. मुंबईत रेशन लागून वर्ष होत आलेलं, बंगालात माणसं उपासमारीनं मेलेली, आणि इथे तांदळाचे ढीग दिवसचे दिवस धुमसत होते.

त्यातलेच पायलीभर अर्धवट जळके तांदूळ आजोबांनी घरी आणले म्हणे. आजीनं निवडून त्यांची पेज केली, सोबत खाराची मिरची. आमची आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. ती म्हणते, असं काही झालंच नाही, तांदूळ रेशनचेच होते. माझे वडील मात्र त्या पेजेचा धुरकट वास आणि जास्त पडलेलं मीठ अगदी तपशिलात सांगतात. त्यांचा जन्म सत्तेचाळीसचा.