दार सामाईक, भार कोणाचा? : युरोपीय संघ आणि निर्वासित

मागच्या व्याख्यानात आपण युरोपची बाजारपेठ एक कशी झाली ते पाहिलं. आज त्या युरोपच्या दाराशी आलेल्या माणसाचा विचार करू.

१९५१ चा जिनिव्हा निर्वासित करार मुळात युरोपच्याच जखमेतून आला. तो १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ही मर्यादा १९६७ साली उठली. मधल्या काळात, १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून गेले. बहुतेकांना पहिला आसरा शेजारच्या ऑस्ट्रियाने दिला. हे ध्यानात ठेवू.

१९८५ च्या शेंगेन करारात आपसातली सीमा-तपासणी काढून टाकायचं ठरलं. आतल्या भिंती गेल्या की बाहेरचं दार सगळ्यांचं होतं. पण १९९० च्या डब्लिन कराराने नियम केला, की निर्वासित ज्या देशातून प्रथम आत येईल, बहुधा त्याच देशाने त्याचा अर्ज तपासायचा. म्हणजे काय झालं? फिरण्याची मोकळीक सर्वांना, आणि भार ग्रीस-इटलीसारख्या किनाऱ्यावरच्या देशांवर.

२०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसं समुद्र ओलांडून आली, तेव्हा ही विसंगती उघडी पडली. ग्रीस आणि इटलीतल्या १,६०,००० जणांना इतर देशांनी वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्यक्षात ३५,००० च्या आसपासच हलवले गेले. या वाटपाविरुद्ध न्यायालयात कोण गेलं? स्लोव्हाकिया, आणि १९५६ चा तोच हंगेरी! २०१७ मध्ये निकाल विरुद्ध लागला, तरी हंगेरीने एकालाही घेतलं नाही.

याच संघाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर आठवड्याभरातच तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ पासून नुसता पडून असलेला कायदा प्रथमच लागू केला. लाखो लोकांना राहण्याचा, काम करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा हक्क मिळाला. तेव्हा क्षमता नव्हती असं म्हणता येत नाही.

२०२४ च्या नव्या करारात तोड अशी काढली आहे, की देशांनी माणसं घ्यावीत, नाहीतर माणशी २०,००० युरो द्यावेत, किंवा दुसरी मदत करावी. काहीच न करण्यापेक्षा हे बरंच, बरं का.

पण कांटने १७९५ मध्येच सांगून ठेवलं होतं, की परक्याचं आतिथ्य ही भूतदया नव्हे, तो हक्काचा प्रश्न आहे. परत पाठवल्याने ज्याचा नाश होईल, त्याला घालवून देता येत नाही. पैसे भरून देशादेशांतला हिशेब मिटेल. दारातल्या माणसाचा हक्क मानला गेला का, हे त्या पावतीवरून आपल्याला कळणार नाही.