तारा कुणाच्या हाती? एस्टोनियाच्या ‘एलेरिंग’ची वाटचाल

एस्टोनियाची लोकसंख्या 14 लाखांच्या आत, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. तिथली वीजवाहक सरकारी कंपनी ती केवढी असणार? पण ‘एलेरिंग’ची गेली पंधरा वर्षं पाहिली की विजेचं राजकारण कुठे शिजतं ते कळतं. वीज कुठे आणि कशापासून बनते यावर आपण हिरिरीने भांडतो; तारांची मालकी कुणाची, हे सहसा कुणी विचारत नाही.

सोव्हिएत काळात एस्टोनियातल्या नार्वा शहराजवळच्या केंद्रांत ऑइल शेल हा तेलकट खडक जाळून वीज बनवत, आणि ती लेनिनग्राडकडेही जाई. 1991 मध्ये स्वातंत्र्य आलं. तारा होत्या तिथेच राहिल्या. 2001 मध्ये बेलारूस, रशिया आणि एस्टोनियासह तिन्ही बाल्टिक देशांनी सामाईक ग्रिड चालवण्याचा करार केला. या ग्रिडमधल्या विजेची 50 हर्ट्झची वारंवारता मॉस्कोतून सांभाळली जाई. 2004 मध्ये एस्टोनिया नाटोत आणि युरोपीय संघात गेला, तरी तल्लिनमधला दिवा मॉस्कोच्याच ठेक्यावर जळत होता.

देशात ‘एस्टी एनर्गिया’ या सरकारी कंपनीचं राज्य होतं. वीजनिर्मिती, पारेषण आणि विक्री एकाच छताखाली. तिच्यातल्या पारेषण कंपनीला 2009 मध्ये एलेरिंग हे नाव मिळालं आणि जानेवारी 2010 मध्ये सरकारने ती थेट आपल्याकडे घेतली. महाराष्ट्राने 2005 मध्ये विद्युत मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी वाटणी केली, पण तिन्ही एकाच सूत्रधारी कंपनीखाली ठेवल्या. एस्टोनियातही मालक दोन्हीकडे सरकारच; कारभार मात्र खरोखर वेगळा झाला. माझ्या मते पुढचं सगळं या काडीमोडामुळेच सोपं झालं. जो स्वतः वीज विकतो, तो शेजाऱ्याच्या स्वस्त विजेसाठी रस्ता कशाला रुंद करेल?

2010 च्याच एप्रिलमध्ये एस्टोनिया ‘नॉर्ड पूल’ या वीजबाजारात उतरला. 2013 पासून घरगुती ग्राहकालाही आपला पुरवठादार निवडता येऊ लागला. फिनलंडशी जोडणारी 350 मेगावॅटची एस्टलिंक-1 ही समुद्री केबल आधीपासून होती. 2014 मध्ये 650 मेगावॅटची दुसरी आली.

बाजाराने आपला इंगाही दाखवला. 17 ऑगस्ट 2022 रोजी संध्याकाळी तासाभरासाठी दर मेगावॅट-तासाला 4000 युरोंवर गेला, म्हणजे एका युनिटला चार युरो! खुल्या बाजाराचा अभिमान मिरवणाऱ्या सरकारने ऑक्टोबरपासून घरगुती ग्राहकांना नियंत्रित दराचा पर्याय दिला. तत्त्वाला मुरड पडली खरी, पण हिवाळा दाराशी असताना तत्त्वं शेकायला येत नाहीत.

रशियाची वीज विकत घेणं त्याच वर्षी थांबलं होतं. वारंवारता मात्र अजून मॉस्कोचीच. नातं तोडायचं तर रशियातल्या अवजड टर्बाइन्स फिरताना देत असलेलं स्थैर्य घरात निर्माण करणं भाग होतं. एलेरिंगने प्यूस्सी, वीरू आणि कीसा इथे तीन सिंक्रोनस कंडेन्सर उभे केले. ही यंत्रं वीज बनवत नाहीत, नुसती फिरतात. त्यांच्या फिरत्या वजनामुळे वारंवारता एकदम घसरत नाही. तिन्ही बाल्टिक देशांच्या या कामाच्या खर्चाचा मोठा वाटा युरोपीय संघाने उचलला. रशियाच्या ग्रिडमधून बाहेर पडण्याची मुदत 2025 अखेरची होती, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ती त्याच वर्षीच्या फेब्रुवारीवर आणली गेली.

आणि नेमक्या 2024 च्या नाताळाच्या दिवशी एस्टलिंक-2 तुटली. ‘ईगल एस’ या टँकरच्या नांगरावर संशय होता आणि फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं. एस्टलिंक-1 च्या राखणीला एस्टोनियाने नौदल पाठवलं. लोकांनी जनरेटर खरेदी केले, मेणबत्त्या भरून ठेवल्या. एलेरिंगने तारीख बदलली नाही.

8 फेब्रुवारी 2025 च्या सकाळी रशियाकडच्या लाइनी सोडल्या. दिवसाहून थोडा अधिक काळ तिन्ही देश मिळून स्वतःच्या बळावर चालले. तेवढ्यात चाचण्याही उरकल्या. 9 तारखेच्या दुपारी लिथुआनिया-पोलंड लाइनवरून ते युरोपच्या ग्रिडला जुळले. दिवे गेले नाहीत, त्यामुळे दाखवण्यासारखं काही घडलंच नाही.

मग हिशेब सुरू झाला. अचानक मागणी वाढली किंवा एखादं केंद्र बंद पडलं तर काही सेकंदांत वीज पुरवायची क्षमता आता रोज विकत घ्यावी लागते. अशी सेवा देणारे मोजकेच, त्यामुळे सुरुवातीला भाव चढे राहिले. हा भार वीजकेंद्रांनी उचलायचा की ग्राहकांनी, आणि किती, यावर तिथे वाद रंगला. एस्टलिंक-2 जूनमध्ये दुरुस्त झाली. ती तुटल्याबद्दल चाललेल्या खटल्यात हेलसिंकीच्या न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये सांगितलं की हे प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रातच येत नाही.