ब्रॅकेट निघालं, दात वाचला

आजचा भाग थेट माझ्या तोंडातून आलाय. सत्ताविसाव्या वर्षी मी दातांना तारा लावून घेतल्या. ऑफिसमध्ये व्हायची तेवढी चेष्टा झाली. मग दिवाळीत एक कडक चकली, 'कट्ट' असा आवाज, आणि एक ब्रॅकेट हातात. घाबरून क्लिनिक गाठलं. डॉक्टर मॅडमनी दात पाहिला आणि म्हणाल्या, "गम सगळा दातावरच राहिलाय. छान!"

छान? चिकटवलेली वस्तू निघाली, यात छान काय? त्या एका शब्दाच्या मागे लागलो आणि बराच इतिहास सापडला.

पूर्वी ब्रॅकेट दाताला चिकटवतच नसत. प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवायचे. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी 1928 मध्ये एजवाइज पद्धत मांडली, तिच्यातही ब्रॅकेट कड्यावरच असायचं. कडं आत जावं म्हणून आधी दोन दातांमध्ये फट पाडायची, ते दुखायचं. कड्याखाली दात किडायचे. आणि कडी काढली की त्यांच्या जाडीएवढ्या फटी उरायच्या! दात सरळ करायला गेलेल्या माणसाला हे बोनस.

अडचण होती एनॅमलची. दाताचं हे वरचं आवरण वजनाने जवळपास 96 टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वर गुळगुळीत, आणि कायम ओलं. त्यावर चिकटणार काय?

उत्तर कारखान्यातून आलं. रंग नीट धरावा म्हणून धातूच्या पृष्ठभागावर आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांच्या लक्षात आलं. त्यांनी 85 टक्के फॉस्फोरिक ॲसिड दातावर 30 सेकंद लावलं, धुतलं, कोरडं केलं आणि वर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. साध्या दातावरचे थेंब लवकर सुटले, ॲसिड लावलेल्यांवरचे कितीतरी जास्त टिकले. हे 1955 साली छापून आलं.

आत होतं काय? गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी छिन्नीने टोचे मारतो ना, तेच. एनॅमल लाखो बारीक खनिज दांड्यांचं बनलेलं असतं. ॲसिड कुठे दांडीचा गाभा खातं, कुठे कडा. पृष्ठभागावर मायक्रॉनच्या मापाचे खड्डे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरून घट्ट होतं आणि अडकून बसतं. म्हणजे हे खरं तर चिकटणं नाहीच, गुंतणं आहे.

1965 मध्ये न्यू जर्सीच्या जॉर्ज न्यूमन यांनी असं खरबरीत केलेल्या दातावर इपॉक्सीने ब्रॅकेट लावण्याचे प्रयोग मांडले. 1971 मध्ये टोकियोत फुजिओ मिउरा यांनी प्लास्टिकच्या ब्रॅकेटसाठी वेगळं रेझिन आणलं. कड्यांचं राज्य संपायला लागलं.

पण खरी गोम पुढे आहे. दातात भरलेलं सिमेंट जितकं टिकेल तितकं चांगलं. ब्रॅकेट मात्र दीड-दोन वर्षांनी काढायचं असतं! आणि एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. टवका उडाला तर तो भरून येत नाही. इथे रोलबॅक नाही, राव.

मग किती घट्ट पुरे? 1975 मध्ये रेनॉल्ड्स यांनी अंदाज दिला: साधारण 6 ते 8 मेगापास्कल. ब्रॅकेटचा तळ 10 चौरस मिलिमीटर धरला, तर 6-8 किलो वजन पेलण्याइतकं. आम्ही इंजिनिअर लोक 'मॅक्सिमम' म्हटलं की खूश होतो. इथे मॅक्सिमम हाच बग. 1980 च्या दशकात दिसू नयेत म्हणून सिरॅमिकची ब्रॅकेट आली. काहींच्या तळाला सिलेनचा थर देऊन ती रासायनिकरीत्या जोडली जायची. पकड जबरदस्त, पण काढताना काही जणांचं एनॅमलच तडकलं. मग कंपन्यांना तळाची रचना बदलून पकड कमी करावी लागली.

त्याच दशकात, 1984 मध्ये, ऑर्टुन आणि बर्गलँड यांनी ब्रॅकेट निघाल्यावर दातावर किती गम उरला ते 0 ते 3 असं मोजायची पद्धत दिली. 0 म्हणजे दातावर काहीच नाही. 3 म्हणजे सगळा दातावर, ब्रॅकेटच्या जाळीचा ठसाही दिसतोय. म्हणजे तुटलं ते ब्रॅकेट आणि गम यांच्यामध्ये, एनॅमलला धक्का नाही.

माझा स्कोअर 3 होता.

मॅडमनी उरलेला गम घासून काढला, ॲसिडचं जेल लावलं, धुतलं, हवा मारली. आरशात तेवढा दात खडूसारखा पांढराफटक दिसत होता. "आता जीभ लावू नका, थुंकी लागली तर परत पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. निळा लाइट मारला, ब्रॅकेट बसलं. चकली मात्र आता दुधात भिजवून खातोय.