वऱ्हाडातील बेघर स्त्रिया: आसऱ्यापासून नावावरच्या घरापर्यंत

जनगणनेत फुटपाथवर, पुलाखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणाऱ्यांची नोंद बेघर म्हणून होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात अशा सुमारे २ लाख १० हजार लोकांची मोजणी झाली. नवऱ्याने टाकलेली आणि भावाच्या ओसरीत दिवस काढणारी बाई या आकड्यात येत नाही. रस्त्यावर रात्र काढणे धोक्याचे असते. त्यामुळे जमेल तितके दिवस ती कोणाच्या तरी छपराखाली राहते आणि तिचे बेघरपण बाहेर दिसत नाही.

या प्रदेशातले सर्वांत ठाऊक उदाहरण सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांचे. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताईंना गरोदरपणात नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. माहेरीही थारा मिळाला नाही. भीक मागत रेल्वे स्थानकांवर आणि स्मशानात त्यांनी रात्री काढल्या. पुढे अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला त्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी झगडल्या आणि तिथेच त्यांनी मुलींचे वसतिगृह उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची कहाणी सहसा एका असामान्य बाईची म्हणून सांगितली जाते. सासर आणि माहेर ही दोन्ही दारे बंद होणे मात्र मुळीच असामान्य नाही.

घर कुणाच्या नावावर?

अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा हे शेतकरी आत्महत्यांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ विधवांची पाहणी केली. त्यांतील ४० टक्के स्त्रियांना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क मिळवता आला होता फक्त ३५ टक्के जणींना.

यात एक व्यावहारिक गोम आहे. शेताची नोंद सातबाऱ्यावर असते आणि ती तलाठ्याकडे होते. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागले तरी घरावर ते आपोआप लागत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. घर सासऱ्याच्या नावावर असेल आणि सासरा हयात असेल, तर तिला वारसा सांगता येत नाही. सासरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतही मृत मुलाची विधवा म्हणून तिला वाटा असतो. दिराने “तुझा काय संबंध” म्हटले की बहुतेक जणी इथेच गप्प बसतात.

सासऱ्याच्या हयातीत २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा उपयोगी पडतो. घर नवऱ्याच्या किंवा तिच्या मालकीचे नसले, तरी जिथे ती संसार करत होती तिथे राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो. घर सासू-सासऱ्यांचे असले तरी हा हक्क लागू होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

काही दिवसांचा आसरा

घराबाहेर काढलेल्या बाईला सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण ५ दिवस राहता येते. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे पूर्वीची स्वाधार गृहे. तिथे मुक्काम साधारण ३ वर्षांपर्यंत. शहरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेचा निकष दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा होता. २०११ च्या लोकसंख्येवर हिशेब केला तर अमरावतीत सुमारे साडेसहाशे आणि अकोल्यात सव्वाचारशे जागा लागतात. स्त्रियांसाठी वेगळी सोय हवी, हेही त्यात होते.

स्थानकावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रीची वाट निराळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे पोलिसांचे काम आहे. वऱ्हाडाला जवळचे सरकारी मनोरुग्णालय नागपूरचे. उपचारांनंतर घरच्यांनी नेले नाही, तर प्रश्न पुन्हा राहण्याच्या जागेवर येतो.

नाव लागण्याची वाट

१९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि नवरा जिवंत असतानाच अनेक गावांत बायकांच्या नावे जमीन लिहून देण्यात आली. तंटा होण्याआधीच कागद करण्याची ही पद्धत होती, आणि आजही तीच सर्वांत कमी खर्चाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर करण्यावर भर आहे. गावात त्यासाठी स्वतःची जागा लागते. टाकलेल्या बाईकडे नेमकी तीच नसते. भूमिहीनांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, पण तिचा लाभ घरकुलासाठी पात्र ठरलेल्यांनाच मिळतो. ही नावे कुटुंबवार याद्यांतून येतात, आणि भावाच्या घरी राहणारी बहीण यादीत अनेकदा भावाच्याच कुटुंबात मोजली जाते. वेगळे रेशनकार्ड काढणे ही म्हणूनच अनेकींची पहिली पायरी असते.