धरणवाले शंकरराव

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या जुन्या मंडळींना मी गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारत आलो आहे : शंकरराव चव्हाण कोण होते? ‘मुख्यमंत्री’ हे उत्तर क्वचित येते. बहुतेक जण म्हणतात, ‘धरणवाले.’

शंकरराव दोनदा मुख्यमंत्री झाले, १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८. दोन्ही मिळून जेमतेम साडेचार वर्षे. पुढे दिल्लीत त्यांनी अर्थ आणि गृह ही खातीही सांभाळली. तरीही लोकांनी लक्षात ठेवले ते साठच्या दशकातले पाटबंधारे मंत्री. असे इतरत्रही घडते. फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियाँ अकरा वेळा पंतप्रधान झाले. १९२६चे शांततेचे नोबेल मात्र त्यांना मिळाले ते परराष्ट्रमंत्री म्हणून केलेल्या लोकार्नो कराराबद्दल. पद येते-जाते, उरते ते काम.

मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळची. धरण झाले पैठणला, शंकररावांच्या जन्मगावी. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, तेव्हा शंकरराव पाटबंधारे मंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. एकाच धरणाची दोन टोके एकाच माणसाच्या कारकिर्दीत यावीत, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला.

पण या कहाणीला दुसरी बाजू आहे. पैठणच्या वर, नाशिक-नगरकडे धरणे वाढली आणि नाथसागर भरण्याची हमी राहिली नाही. धरण बांधता आले, पाण्यावरचा हक्क मात्र बांधायचा राहिला. २६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकरराव गेले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला २००५ साली. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडावे, हे सूत्र ठरायला २०१४ उजाडले.

म्हणून शंकररावांची कारकीर्द मी २००४ला संपवत नाही. दर दिवाळीच्या आसपास आमच्याकडची माणसे नाथसागराची टक्केवारी विचारतात, तेव्हा त्या कारकिर्दीचाच हिशेब चालू असतो.