घाटाने खाल्लेला दांडा

बोरघाटाचा इतिहास लिहिणारे बहुधा साहेबाच्या डोळ्यांनी पाहतात. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा ओढून नेण्यासाठी ही वाट दुरुस्त करून घेतली. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत चाकांची वाहने चढू शकतील असा बांधीव रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने घाटाचे काम हाती घेतले आणि १८६३ मध्ये ते पुरे केले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पार पाडले. हे सारे ग्रंथांतून वाचावयास मिळते, आणि वाचावेही. घाट चढताना हजारो माणसांच्या वाहनांची काय झीज झाली, याचा मात्र कोणी दप्तरी हिशेब ठेवलेला नाही. तो हिशेब लोखंडावर लिहिलेला असतो. अशाच एका वीतभर लोखंडाविषयी येथे सांगावयाचे आहे.

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला गिअर नसे. सदतिसास एक अशी चढण आली तेव्हा रेल्वेने साधा उपाय केला : एका इंजिनाला पेलत नसेल तर मागून आणखी इंजिने लावावीत. कर्जत स्टेशनावर गाड्या थांबत आल्या त्या त्यासाठीच, आणि आजही बहुतेक गाड्यांना तेथे मागून ‘बँकर’ लागतात. (प्रवासी समजतात की गाडी वड्यासाठी थांबते. तीही समजूत अगदीच खोटी नाही.) मोटारीला आणि फटफटीला मागून ढकलणारे कोणी नसते. तिला चढणीवर आपला वेग देऊन टाकून त्याच्या बदल्यात जोर घ्यावा लागतो, आणि ही देवघेव गिअरपेटीत होते. स्वाराच्या पायाची आज्ञा त्या पेटीत पोहोचविणारा जो दांडा, त्याला मेकॅनिक गिअर शाफ्ट म्हणतात. बाहेर लिव्हर, आत दाते, मध्ये हा दांडा. घाट खातो तो प्रथम याला.

माझ्या मामांची फटफटी १९६५ सालची, म्हैसूरच्या कारखान्यात झालेली जावा. जावा हे नाव मूळचे चेक : प्राग येथील शस्त्रकारखानदार यानेचेक याने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडली. मुंबईच्या इराणी कुटुंबाने आधी या गाड्या परदेशातून आणून विकल्या; मग आयातीवर बंधने आली तेव्हा म्हैसूरला कारखाना काढला. १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, परंतु ती गाडी निराळी. जुनीच्या आवाजाला जो एक सैल, मोकळा ठेका होता तो टू-स्ट्रोक इंजिनाचा. नवीला तो येणार कोठून?

या जुन्या जावाची एक खुबी अशी, की किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा लिव्हर एकच. डाव्या बाजूचा हा लिव्हर आत दाबून उभा केला की किक. गाडी सुरू झाल्यावर पुढे आडवा केला की गिअर. शिवाय तो थोडा हलला की क्लचही आपोआप उचलला जातो. योजना मोठी चतुर आणि काटकसरीची. पण एका माणसाकडे तीन खात्यांची कामे दिली की तो लवकर थकतो, तसे या दांड्याच्या दात्यांचेही होते.

मामा खोपोलीच्या एका गिरणीत नोकरीला होते आणि आजोबांचे घर घाटावर, मावळात. दर शनिवारी दुपारी ते घाट चढत, रविवारी रात्री उतरत. मी एकदा त्यांच्या मागे बसून मोजले होते : शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकण्यासाठी थांबणे धरून चढताना पंचवीस वेळा गिअर बदलला. उतरतानाही तेवढाच. म्हणजे आठवड्याला पन्नास, वर्षाला अडीच हजार, आणि मामांनी हा क्रम वीस वर्षे चालविला. पन्नास हजार वेळा त्या दांड्याने फक्त घाटापुरती मान वळविली. खोपोली, खालापूर, कर्जत येथील रोजची ये-जा निराळीच. उतारावर आणखी एक पेच असे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जाते. मूठ पूर्ण बंद ठेवून मैल दोन मैल उतरले तर पेट्रोल जात नाही, म्हणून तेलही जात नाही, आणि पिस्टन कोरडा पडतो. म्हणून मामा मधून मधून गिअर काढीत, इंजिनाला एक घोट पाजीत आणि पुन्हा गिअर टाकीत. पिस्टन वाचला. दात्यांनी त्याची किंमत दिली.

मामा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. यंत्रातले मला कळते ते बघून बघून. गाडीची तक्रार अशी होती, की दुसऱ्यातून तिसरा गिअर पडेना, आणि गिअरपेटी उघडून पाहावी तर उघडता येईना. कारण लिव्हर दांड्याला चक्क वेल्डिंगने चिकटविलेला होता. लिव्हर निघाल्याशिवाय डावे झाकण निघत नाही, आणि झाकण निघाल्याशिवाय आतले काहीच दिसत नाही. ज्याने कोणी हे केले त्याने त्या दिवसापुरती गाडी चालू केली आणि पुढच्या साऱ्या दुरुस्त्यांचे दार बंद केले. त्याला मी सर्वस्वी दोषही देत नाही. सुटा भाग मिळविण्यासाठी मुंबईला दोन फेऱ्या माराव्यात आणि दुकानदाराने ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणावे, असे ते दिवस होते. सोमवारी सकाळी कामाची पाळी गाठायची असलेल्या माणसाने काय करावे?

खोपोलीला एक वृद्ध मिस्त्री आहेत. उमेदीत ते तिथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. १९१५ मध्ये टाटांचे वीजघर सुरू झाले. डोंगरावरच्या तलावांतले पाणी नळांतून खाली येऊन चक्रे फिरवू लागले आणि मग पाताळगंगेला मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर या विजेच्या सावलीत खोपोलीला कागद, नळ, पोलाद असे कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर लेथवर हात बसलेली एक पिढी तयार झाली, आणि निवृत्तीनंतर त्यातल्या कित्येकांनी घराच्या पडवीत एखादे जुने यंत्र मांडले. मिस्त्रींचा लेथ हरिहरचा, म्हैसूर किर्लोस्करचा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची ही १९४१ सालची शाखा. म्हणजे दुखणेकरी गाडी म्हैसूर राज्यातली आणि तिचा वैद्यही म्हैसूर राज्यातलाच. दोघांची गाठ मात्र कुलाबा जिल्ह्यात पडली. (जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. मिस्त्री अजून कुलाबाच म्हणतात.)

मिस्त्रींनी कानस लावून वेल्डिंगची कड उघडी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “मास्तर, दोघांतला एकच वाचंल. लिव्हर तरी, नायतर शाफ्ट तरी.”

“लिव्हर नवा मिळतो,” मी म्हणालो.

“शाफ्ट पण मिळतो की,” असे म्हणून त्यांनी कोणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, बाजारातला एक नवा कोरा दांडा खणातून काढून माझ्या हातावर ठेवला. चकचकीत होता. “ह्याला मायक्रोमीटर लावा.”

तो आठ थाऊ बारीक निघाला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. असे का व्हावे, हे मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितले. मूळ कारखाना बंद. नकाशे हाती नाहीत. तेव्हा कोणीतरी जुना झिजका दांडा नमुना म्हणून दिला आणि करणाऱ्याने त्याचेच माप घेऊन नवे दांडे केले. म्हणजे नव्या दांड्यात झीज जन्मतःच आली.

मला तत्क्षणी आमच्या बखरी आठवल्या. नकलेवरून नक्कल करणारा कारकून मागच्या कारकुनाची चूक इमानाने उतरवितो, आणि अक्षर जितके सुबक तितकी ती चूक खरी वाटू लागते. मूळ पाठ शोधावयाचा तर जेथे हात कमी लागला आहे अशी जागा शोधावी लागते. मिस्त्रींनी नेमके तेच केले. त्यांनी लिव्हरची मुठी करवतीने उभी चिरून दांड्यावरून सोलून काढली. खाली दांड्यावर थर होते : सर्वांत वर तो वेल्डिंगचा गोळा, त्याखाली पूर्वी कोणी दात्यांत दडपलेली पत्र्याची पट्टी, त्याखाली त्याहून जुने, बरेच नीट केलेले भरण, त्यावर कानशीने पुन्हा पाडलेले दाते. तीन हात, तीन काळ. सर्वांत जुना हात सर्वांत चांगला होता.

आणि आतल्या अंगाला, लिव्हरची मुठी जेथवर पोहोचतच नाही तेथे, जेमतेम एक सूत रुंदीचा पट्टा कोरा राहिला होता. दाते म्हैसूरहून निघाले तेव्हा जसे होते तसे. मिस्त्रींनी तो पट्टा रॉकेलने पुसला, तीन ठिकाणी माप घेतले, बोलले काही नाही, आणि पाटीवर खडूने आकडा लिहिला. बाहेरच्या टोकाशी आणि त्या पट्ट्याशी बारा थाऊंचा फरक होता. माझ्या मामांची वीस वर्षे इंचाच्या बारा हजारांशांत मावली होती.

पुढे काय करावे यावर आमचा वाद झाला. माझा आग्रह जुना दांडाच भरून घेण्याचा. मिस्त्रींना ते पसंत नव्हते, आणि त्यांचे म्हणणे सकारण होते. अशा दांड्याची कातडी कठीण आणि गाभा चिवट असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने कातडी मऊ पडते, आणि गरम जागा भराभर निवली तर जोडाच्या कडेला केसासारखी चीर जाते. एकदा भरण सोसते. याचे दोनदा झाले होते. तिसऱ्यांदा करावयाचे तर आधी दांडा तापवावा, कोरड्या रॉडने थोडे थोडे भरावे, मग चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर निवू द्यावा. आणि एवढे करूनही तो घाटात तुटला तर तुकडा गिअरपेटीत पडून सगळेच दाते खाईल. मी हरलो.

नवा दांडा ईएन-२४ पोलादाचा केला. या क्रमांकांनाही इतिहास आहे : दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत ब्रिटनने पोलादांच्या भाराभर जाती छाटून त्यांना हे क्रमांक दिले, आणि ब्रिटनने ते केव्हाच मोडीत काढले तरी आपल्याकडच्या लेथवाल्यांच्या तोंडी ते अजून आहेत. मिस्त्रींनी गज कातला, शेपिंग मशीनवर भागाकाराचे चाक लावून एकेक दाता पाडला. दीड दिवस लागला. मग पोलादाला पाणी द्यावयाचे. आपण म्हणतो पाणी देणे, पण अशा पोलादाला प्रत्यक्षात तेलात बुडवितात. पाण्यात टाकले तर ते तडकण्याची धास्ती. लोहाराच्या ऐरणीवरून आलेला शब्द आहे. द्रव बदलला, शब्द राहिला. ते काम भट्टीवाल्याकडून करून आणले, पुन्हा किंचित तापवून ताठरपणा उतरविला, आणि शेवटी बसावयाच्या जागा घासून मापात आणल्या. नवा लिव्हर दात्यांवर हाताने सरकला आणि जागेवर बसल्यावर हलेना. मिस्त्रींनी बोल्ट आवळला, आणि फटीकडे बोट दाखविले : बोल्ट पूर्ण आवळूनही मुठीची फट थोडी उघडी राहिली पाहिजे. ती मिटली की समजावे, आवळायला आता जागा उरली नाही; मग लोक वेल्डिंगवाल्याकडे जातात.

द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे गाडी चढली ती खोपोलीहून जुन्याच रस्त्याने. दुसऱ्यातून तिसरा पडला, तिसऱ्यातून दुसराही. शिंग्रोबाशी नाणे टाकले. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली असे लोक सांगतात त्याचे हे देऊळ. त्याच्या वाटेवर अजून गाड्या धापा टाकतात. वर अमृतांजन पूल मात्र आता नाही. तो २०२० च्या एप्रिलात पाडला.

जुना दांडा मिस्त्रींनी मला दिला नाही. त्या कोऱ्या पट्ट्यापाशी तांबड्या रंगाची खूण करून त्यांनी तो खिळ्याला टांगला आहे. कर्जतचे दोन जावावाले गेल्या महिन्यात माप विचारायला आले, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना आकडा सांगितला नाही, मायक्रोमीटर हातात दिला आणि म्हणाले, “लाल खुणेवर लावा. भायेर नको.”